पुठ्ठ्याचं दार

"धोटे, चौदा गेले," रामटेके मॅडम लॅबच्या दारातच म्हणाल्या. "आणि पंधरावा आता तुमच्या डोळ्यांदेखत जातोय, बघा."

मी पाहिलं. पंधराव्याचा पडदा काळा झाला, आतल्या पंख्यानं एक उसासा टाकला आणि तो गप्प झाला. तीस कॉम्प्युटर मीच जोडून दिले होते कॉलेजला, त्याआधीच्या हिवाळ्यात. हिवाळ्यात सगळे गुणी बाळासारखे चालले. मे लागला आणि एकेक मान टाकायला लागला.

चंद्रपूरचा मे ज्यानं पाहिला नाही त्याला काय सांगायचं! आमच्या गल्लीतला वाणी त्या दिवसांत मेणबत्त्या नगावर विकत नसे, बाटलीत भरून विकायचा. माझ्या दुकानाच्या शटरला हात लावला की हाताच्या रेषा शटरवर उमटायच्या. एका ज्योतिष्यानं त्या वाचून माझं भविष्य सांगितलं होतं, आणि त्यातलं निम्मं खरं निघालं. लॅब तर गच्चीच्या थेट खाली. आत पाय टाकला की चष्म्याची काडी कानाला चटका द्यायची.

"काही नाही मॅडम," मी म्हणालो. "मशीनचा जीव घुसमटून राहिला. झाकणं काढा सगळ्यांची. प्रत्येक ओळीला एक टेबलफॅन. मोकळी हवा लागली की पाहा कसे पळतात ते."

"नक्की?"

"अवो, उपग्रह सोडणाऱ्यांनी बोलावलं होतं मले. त्यांचं मशीन असंच तापे. मी गेलो, झाकण काढलं, परत आलो. आजही ते उघडंच हाय."

मॅडम हसल्या. माझ्या थापा शहरभर ठाऊक होत्या, पण लोक त्या ऐकून घेत आणि कामही मलाच देत. मी बाजूच्या झाकणाचे दोन स्क्रू काढायला घेतले, तोच मागून आवाज आला.

"झाकण काढल्यानं हवा जात नाई जी. नुसती फिरते."

लॅबचा परिचर होता तो, ऋषी दडमल. पन्नाशीचा, वाळलेला, खांद्यावर फडकं. रोज सकाळी तीस कीबोर्ड पुसायचे, तीस खुर्च्या आत सरकवायच्या, एवढं त्याचं काम. तो असा मधे बोलेल असं मलाच काय, त्याच्या खांद्यावरच्या फडक्यालाही वाटलं नसेल.

"ऋषीजी," मी म्हणालो, "तुम्ही खुर्च्या सरकवा. हवेचं आम्ही पाहतो."

"पाहा ना जी. पण हवेले वाट लागते. येक याची, येक जायाची. हे झाकण काढलं की वाटच मोडली. मंग हवा भटकते बिचारी."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "दाखवता येईल?"

त्यानं खिशातून अगरबत्ती काढली. मी मोठ्यानं हसलो. "घ्या! आता आरती होणार!"

त्यानं हसणं ऐकलंच नाही. अगरबत्ती पेटवून माझ्या उघड्या मशीनजवळ धरली, बाजूला टेबलफॅन चालू. धूर आत गेला, गोल फिरला, प्रोसेसरच्या डोक्यावर घुटमळला आणि जिथून आला तिथूनच बाहेर पडून मॅडमच्या डोळ्यात गेला. मग त्यानं शेजारच्या मशीनचं झाकण उघडून आत वाकून पाहिलं. पुढचा पंखा आणि मागचा पंखा, दोन्ही आत ओढत होते. मीच बसवले होते तसे. म्हटलं होतं, जितकी हवा आत तितकं थंड.

"दोगंही आत ढकलून राहिले," तो म्हणाला. "बायेर कोण काढनार?"

मागचा पंखा त्यानं उलटा बसवला. मागच्या रिकाम्या खाचा चिकटपट्टीनं बुजवल्या, कारण, तो म्हणाला, बाहेर गेलेली गरम हवा त्यातून चोरून परत येते. मग कागदाच्या रिमचा पुठ्ठा कापून आत एक भिंत उभी केली, समोरच्या पंख्यापासून थेट प्रोसेसरवर नेणारी. झाकण लावलं. अगरबत्ती पुढच्या जाळीशी धरली. धूर दोरा सुईत ओवावा तसा सरळ आत गेला आणि मागून बाहेर पडला.

लॅबमधली पोरंपोरी टाळ्या वाजवायला लागली. आणि माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. ती उन्हाची गरमी नव्हती.

"हे कुठं शिकलात, ऋषीजी?" मॅडमनी विचारलं.

तो पुठ्ठ्याचे तुकडे गोळा करत होता. उत्तर मी दिलं.

"खाणीत. नांदऱ्याच्या खाणीत हवेच्या दारावर होते हे. दार उघडं ठेवलं, एक माणूस आत घुसमटून मेला. हवेचं लय ज्ञान आहे त्यांना."

टाळ्या थांबल्या. ऋषीनं फडकं उचललं आणि एक कीबोर्ड पुसायला लागला, जो त्यानं सकाळीच पुसला होता.

*

आता ती गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

जमिनीखालच्या खाणीत एका तोंडानं चांगली हवा आत सोडतात आणि दुसऱ्या तोंडावरचा मोठा पंखा वापरलेली हवा बाहेर ओढतो. दोन्ही वाटा कुठे कुठे शेजारून जातात, तिथं मधे लाकडी दार असतं. दार बंद असलं की हवेला पार शेवटपर्यंत जावं लागतं, कोळसा काढणाऱ्या माणसांपर्यंत, आणि मगच परत फिरता येतं. दार उघडं राहिलं की हवा जवळच्या वाटेनं मधूनच परत फिरते, आणि टोकाच्या माणसांना काही मिळत नाही. ऋषी दडमल त्या दारावर होता. गाडी गेली की दार लावायचं, काठीनं दोनदा ठोकायचं आणि हाक द्यायची: "दार लागलं!" ही तिथली रीत.

एका पाळीत दार उघडं सापडलं. टोकाला कवडू नन्नावरे एकटा होता. कवडू म्हणजे ऋषीच्या सख्ख्या बहिणीचा, यमुनेचा नवरा.

चौकशी झाली. ऋषी म्हणाला, मी दार लावलो, ठोकलो, हाक दिलो. एका मजुरानं साक्ष दिली की हाक मी कानांनी ऐकली. साहेब म्हणाले, हाक ऐकली म्हणजे दार पाहिलं असं होत नाही. बोलण्याच्या नादात राहून गेलं असेल. ऋषी घरी बसला. यमुना त्याच्याशी बोलायची थांबली. त्याला अकरा वर्षं झाली होती.

आणि तमाशा असा, की दोघं एकाच इमारतीत कामाला होते. यमुना उन्हाळ्यात कॉलेजचे कूलर भरायची. बादल्या घेऊन तिन्ही मजले. ऋषी जिन्यात दिसला की ती बादली खाली ठेवून तो जाईपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. मी स्वतः पाहिलं आहे. तेव्हा मला त्यात गंमत वाटली होती.

*

मॅडमनी निकाल लावायची युक्ती काढली. शनिवारी लॅब बंद. दोन मशीन शेजारी शेजारी ठेवायची. एक माझ्या पद्धतीनं, झाकण काढून, टेबलफॅन लावून. एक ऋषीच्या पद्धतीनं. दोन्हींना कॉलेजच्या स्नेहसंमेलनाचं चित्रीकरण सीडीला चालेल असं बदलून तिच्यावर घालायचं काम द्यायचं. त्यात प्रोसेसरला क्षणाची उसंत नसते. कूलर बंद. सकाळी दहा ते दुपारी चार. ज्याचं टिकेल त्याच्या पद्धतीनं बाकीचे सगळे दुरुस्त होतील.

"तुमचं टिकलं तर तुम्हाला काय हवं, ऋषीजी?" मॅडमनी सहज विचारलं. "प्राचार्यांना सांगून कायम करायला लावू?"

"मले काई नको." त्यानं खांद्यावरचं फडकं काढून त्याची घडी केली. "यमुनेले बोलवा फक्त. तुमी म्हनाल तर येईल थे. तिनं येक डाव पाहावं, मी दार कसा लावतो."

"कुठलं दार?"

त्यानं बोट दाखवलं. पुठ्ठ्याच्या भिंतीत त्यानं काडेपेटीएवढी एक झडप कापली होती, आतली धूळ झाडायला. झाडून झालं की बंद करायची. उघडी राहिली तर समोरून आलेली हवा प्रोसेसरपर्यंत न जाता झडपेतून निसटून थेट मागच्या पंख्यात.

"हुबेहूब तसंच हाय जी," तो म्हणाला. "तिले कोनी समजावलंच नाई खाण कशी असते. तिले वाटते मी कवडूले कोंडलो."

मॅडम वाकून झडप पाहू लागल्या. मी बोललो. "वा! म्हणजे कॉम्प्युटर आमचा आणि कोर्ट तुमचं!"

कोणी हसलं नाही. मी एकटाच हसलो, आणि एकट्यानं हसणं फार लांबतं.

*

शनिवारी दहाला दोन्ही मशीन सुरू झाली. प्राचार्य येऊन गेले, शिपाई आले, ग्रंथपाल आले. एरवी शनिवारी कुत्रं न फिरकणारं कॉलेज जत्रेसारखं भरलं. मी खुर्ची उलटी करून बसलो आणि लोकांना हसवत राहिलो. माझं मशीन इतकं थंड राहील, म्हटलं, की दुपारी त्यातून बर्फाचे गोळे काढून वाटतो. रंग कोणता पाहिजे ते आत्ताच सांगून ठेवा.

ऋषी आपल्या मशीनसमोर उकिडवा बसला होता. मधूनमधून मागच्या जाळीला पालथा हात लावायचा. बाकी काही नाही.

बाराला चाळीस मिनिटं कमी असताना माझ्या मशीननं मान टाकली.

"गोळे तयार झाले वाटतं," ग्रंथपाल म्हणाले.

लोक इतके हसले की खाली दुसऱ्या मजल्यावरून कोणीतरी काय झालं म्हणून पाहायला आलं. वीस वर्षं मी या शहराला हसवत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा शहर मला हसलं. मीही हसलो. जबडा दुखेपर्यंत हसलो.

तेवढ्यात यमुना आली. पदरानं हात पुसत दारातच थांबली. मॅडम तिला हात धरून आत घेऊन आल्या.

"बसा यमुनाबाई. भाऊ काय सांगतो ते ऐका फक्त. बोलू नका वाटलं तर."

ऋषी उठून उभा राहिला. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. मग त्यानं स्क्रू काढले, झाकण बाजूला केलं, आणि तिच्याकडे न बघता मशीनशीच बोलावं तसं बोलायला लागला.

"हे खानीचं तोंड समज. इथून हवा आली. हे शेवटचं टोक. इथं..." तो अडला. "इथं कवडू. आन् हे माझं दार."

उघड्या बाजूवर, हवेची वाट मोडू नये म्हणून, त्यानं मॅडमना वहीचं पारदर्शक कव्हर धरायला लावलं आणि अगरबत्ती पेटवली. झडप बंद असताना धूर सरळ प्रोसेसरपर्यंत गेला. मग त्यानं कव्हरखालून बोट घालून झडप उघडली. धूर मधेच वळला, झडपेतून निसटला आणि टोकाला पोहोचलाच नाही. टोक कोरडं राहिलं. यमुना वाकून पाहत होती. तिचा श्वास ऐकू येत होता.

"इतकंसं?" ती म्हणाली. अकरा वर्षांतला पहिला शब्द.

"इतकंसंच. म्हून मी दर डावाले..." त्यानं झडप लावली. बोटाच्या पेरानं दोनदा ठोकली, टक टक. आणि म्हणाला, "दार लागलं." मोठ्यानं नाही, पण लॅबमध्ये त्या वेळी पंख्यांच्या घरघरीशिवाय काही ऐकू येत नव्हतं. "अशी हाक दिलो मी त्या दिवशी. तुया कवडूसाठी रोज देत होतो. मी लावलो होतो यमुने. नंतर कोनी उघडलं, मले ठाऊक नाई. पन मी लावलो होतो."

झाकण बसवून त्यानं स्क्रू फिरवले. यमुनेनं कमरेची पाण्याची बाटली काढली आणि त्याच्यासमोर धरली.

"पी दादा. ओठ सुकले तुये."

तो प्यायला. पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर सांडलं. रामटेके मॅडम खिडकीकडे वळल्या. ग्रंथपालांनी चष्मा पुसला. आणि माझ्याकडे कोणीही, एकाही माणसानं, पाहिलं नाही.

दीड वाजता सगळे जेवायला गेले. यमुनेनं भाकरी आणली होती. दोघं जिन्याच्या पायरीवर बसून जेवणार होते. मॅडम जाताना म्हणाल्या, "धोटे, येता का?"

"तुम्ही व्हा पुढे," मी म्हणालो. "माझी तार-बीर आवरतो."

*

तीन वाजून वीस मिनिटांनी ऋषीचं मशीन बंद पडलं.

चाळीस मिनिटं राहिली होती. त्या वेळी लॅब पुन्हा भरली होती, यमुना भिंतीशी खाली बसली होती, आणि ऋषी तिला खाणीतल्या कुठल्याशा मुकादमाची नक्कल करून दाखवत होता. ती हसत होती. पडदा काळा झाला तेव्हा दोघांचीही पाठ होती. त्यांना ते आमच्या तोंडांवरून कळलं.

ऋषी उठला. पालथा हात जाळीला लावला आणि चटकन मागे घेतला. "असं कसं होईल," तो म्हणाला. "असं होत नाई."

"उघडा," मॅडम म्हणाल्या.

स्क्रू मॅडमनीच काढले. झाकण बाजूला झालं. सगळे वाकले.

झडप उघडी होती.

मी बोललो. हे वाक्य मी शब्दाला शब्द सांगतो, कारण यात मी कधी काही बदललेलं नाही.

"दार उघडं राहिलं वाटते, ऋषीजी," मी म्हणालो. "परत."

"मी लावलो होतो," ऋषी म्हणाला. "आत्ता. तुमच्यासमोर. ठोकलो मी." तो वळला. "यमुने, ठोकलो ना मी? तू होती ना?"

यमुना उभी राहिली होती. तिच्या चेहऱ्यावरून मघाचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं, ते तसंच वाळत चाललं होतं.

"ठोकला तू," ती म्हणाली. "हाकबी दिली. म्या ऐकली."

"मंग!"

"तू 'लागलं' म्हनाला दादा. आन् लागलं नवतं."

बस, एवढंच. ओरडली नाही, रडली नाही. बाटली उचलली आणि गेली. जिन्यातून तिची पावलं उतरताना ऐकू येत होती, तिसऱ्या मजल्यापासून तळापर्यंत.

ऋषी आपल्या बोटाच्या पेराकडे पाहत होता. त्यानं ते पेर हवेतच दोनदा हलवलं, टक टक, जणू काही आठवून पाहतो आहे.

"तिच्याशी बोलाच्या नादात..." तो म्हणाला.

"होतं असं, ऋषीजी," मॅडम म्हणाल्या. "माणूस आहे."

"नाई मॅडम." तो अगदी शांतपणे बोलला. "मले पक्कं ठाऊक होतं का मी लावलो. अजूनबी ठाऊक हाय. असंच ठाऊक होतं मले. तेव्हाबी असंच."

*

ही गोष्ट मी पुढं पुष्कळदा सांगितली. शेवट दर वेळी निराळा. कधी मशीनमधून धूर निघतो आणि प्राचार्य पंचा गुंडाळून पळतात. कधी अगरबत्तीनं पुठ्ठा पेटतो आणि मी बादलीनं विझवतो. लोक पोट धरून हसतात. सोमवारचं मात्र मी कोणाला सांगितलेलं नाही. ऋषी जाऊन आता सात वर्षं झाली, आणि यमुनेला अलीकडे माणूस ओळखू येत नाही. म्हणून सांगतो.

सोमवारी सकाळी मी दुकान उघडलं तर तो पायरीवर बसलेला. धुतलेला सदरा. बाजूला यमुना.

"येक अर्ज टाईप करून पायजे जी," तो म्हणाला.

त्याचे अर्ज माझ्याकडेच व्हायचे. दर वर्षी एक, खाणीच्या साहेबांना, की चौकशी पुन्हा व्हावी, मी दार लावले होते. मजकूर माझ्याकडे तयारच असायचा. मी फक्त तारीख बदलायचो.

"तारीखच बदलायची ना?"

"नाई. नवा ल्याहा." तो स्टुलावर बसला, गुडघ्यांवर हात ठेवून, शाळेत उभं केल्यासारखा ताठ. "ल्याहा. मी ऋषी बळीराम दडमल. माझे आधीचे सगळे अर्ज मागे घेतो. नांदरा खाणीतले दार माझ्याच हातून उघडे राहिले. मी लावले असे मला वाटले होते, पण ते लागलेले नव्हते. कवडू नन्नावरे माझ्यामुळे मेला."

माझी बोटं कळांवर होती. टाईप करत होती ती. बोटांना सवय असते.

शनिवारी दीड वाजता लॅबमध्ये मी एकटा होतो. तार-बीर आवरायला एक मिनिट लागलं. मग खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला. दोन स्क्रू. झाकण. झडपेला मी नख लावलं आणि ती उघडली. हलकी होती, पापणीसारखी. पुन्हा झाकण, दोन स्क्रू. जिन्यातून ऋषीचा आवाज येत होता, तो यमुनेला म्हणत होता, भाकरी तशीच करतेस अजून, आईसारखी. मी तो ऐकला. ऐकत ऐकत स्क्रू पिळले. माझं मशीन तर आधीच हरलं होतं. त्याचं बंद पडून मी जिंकणार नव्हतो, हेही मला ठाऊक होतं.

"ल्याहलं?" ऋषीनं विचारलं.

"हो."

"वाचून दाखवा तिले."

मी वाचलं. 'माझ्यामुळे मेला' हे मी हळू वाचलं, तर यमुना म्हणाली, "मोठ्यानं." मी मोठ्यानं वाचलं. तिनं डोळे मिटले. चेहरा इतका मोकळा झाला तिचा, की मी मान वळवली.

"अकरा वरसं हेच ऐकाचं होतं मले," ती म्हणाली. "त्याच्या तोंडून. रागाचं काई नाई उरलं आता. खरं बोलला, झालं." मग ती माझ्याकडे वळली. "तुमचे उपकार हायत भाऊ. सारे त्याले गोंजारून राहिले होते. तुमी येकटे तोंडावर बोलले."

ऋषीनंही मान हलवली. त्यालाही तसंच वाटत होतं.

आता. आता सांगायचं. तोंड उघडलंही मी. पण आधी घसा खाकरला, आणि तेवढ्यात लक्षात आलं की मी सांगितलं तर तो उठेल आणि माझ्याकडे पाहील, नुसता पाहील. आणि यमुनेचा चेहरा पुन्हा मिटेल. आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या शहराला कळेल की धोट्यानं काय केलं. या तिन्हींतलं कुठलं मला जास्त नको होतं, हे तुम्हाला सांगायची गरज नाही.

"प्रिंट काढतो," मी म्हणालो.

कागद बाहेर आला. ऋषीनं तो दोन्ही हातांनी धरला, फुंकर मारून शाई वाळवली, आणि खाली सावकाश, अक्षर अक्षर जुळवत, सही केली. मग कागद फिरवून माझ्यासमोर ठेवला आणि पेन पुढं केलं.

"खाली साक्षीदार लागते म्हने साहेबाले," तो म्हणाला. "तुमी करा जी सही. माझ्या हातून दार राहते उघडं, हे तुमी सोता पाहिलं हाय."

यमुना जवळ आली. मी कुठं सही करतो ते तिला पाहायचं होतं.

"इथं?" मी विचारलं.

"होय जी. इथं."

मी सही केली. खाली पूर्ण नाव लिहिलं. ऋषी म्हणाला पत्ताही टाका, म्हणून पत्ताही टाकला.